एक्स्चेंजचा डेटाबेस फुगलाय? मेल डिलीट करण्याआधी हा क्रम वाचा

सोमवारी सकाळी सर्व्हरच्या डिस्कवर लाल पट्टी दिसते आणि ऑफिसात एकच फर्मान निघतं: सगळ्यांनी जुने मेल डिलीट करा. दुपारपर्यंत तीस जणांनी हजारो मेल उडवलेले असतात. संध्याकाळी पाहावं तर डिस्क सकाळपेक्षा जास्त भरलेली. मग कुणीतरी लॉग फाइली डिलीट करतं, आणि मंगळवारी डेटाबेस माउंटच होत नाही, म्हणजे मेल सुरूच होत नाहीत.

हे मी पुण्याच्या आसपासच्या छोट्या ऑफिसांत इतक्या वेळा पाहिलंय की आता सगळा क्रम एकदाच लिहून ठेवतोय. स्वतःच्या ऑफिसात एक्स्चेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर, २०१६ किंवा २०१९ चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एकच सर्व्हर, दहा ते शंभर मेलबॉक्स आणि सर्व्हरकडे बघणारा एकच माणूस, असं धरून लिहिलंय. एक्स्चेंजच्या मॅनेजमेंट शेलमध्ये द्यायच्या आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरा.

## आधी एवढं डोक्यात बसू द्या

गोदामातला माल बाहेर काढला म्हणून गोदामाच्या भिंती आत सरकत नाहीत. सगळे मेल ज्यात साठतात ती डेटाबेसची ईडीबी फाइल तशीच असते. डिलीट केलेले मेल कायमचे गेले की फाइलच्या आत जागा मोकळी होते आणि पुढे येणारे मेल त्या जागेत बसतात. फाइलचा आकार मात्र एक एमबीनेही कमी होत नाही. आतल्या या मोकळ्या जागेला व्हाइट स्पेस म्हणतात.

डेटाबेसमध्ये होणारा प्रत्येक बदल आधी लॉग फाइलीत लिहिला जातो आणि अशी एक फाइल १ एमबीची असते. मेल डिलीट करणं हाही बदलच आहे. म्हणून डिलीट मोहिमेच्या दिवशी डिस्क रिकामी व्हायच्या ऐवजी भरते.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. २०१० च्या आवृत्तीपासून एक्स्चेंज एकाच अटॅचमेंटची एकच प्रत ठेवत नाही. वीस एमबीची फाइल ऑफिसातल्या तीस जणांना पाठवली तर सहाशे एमबी जागा जाते.

## टप्पा १: डिस्क आजच भरत आली असेल तर

डिस्कवर दहा-पंधरा टक्के जागा शिल्लक असेल तर हा टप्पा सोडून पुढे जा. काही जीबीच उरले असतील तर आज फक्त श्वास घेण्यापुरती जागा करायची. डेटाबेसला आज हात लावायचा नाही.

पहिली नजर दोन फोल्डरांवर टाका. सी ड्राइव्हवरच्या 'आयनेटपब' फोल्डरमध्ये वेब सर्व्हरचे लॉग साठतात आणि ते आपोआप कधीच साफ होत नाहीत. एक्स्चेंज जिथे इन्स्टॉल आहे तिथल्या 'व्ही१५' फोल्डरमध्ये 'लॉगिंग' नावाचा फोल्डर असतो. त्यात निदानासाठीच्या नोंदी असतात. दोन्हीकडच्या आठवड्यापेक्षा जुन्या फाइली बिनधास्त काढता येतात. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावरच चांगली जागा सुटते.

सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर डिस्क वाढवून घेणं हा सगळ्यात निर्धोक उपाय.

सावधान: 'लॉगिंग' फोल्डरमधल्या नोंदी वेगळ्या आणि डेटाबेसच्या लॉग फाइली वेगळ्या. दुसऱ्या प्रकारच्या फाइली 'मेलबॉक्स' फोल्डरमध्ये ईडीबीच्या शेजारी असतात आणि त्यांची नावं 'ई००' सारख्या अक्षरांनी सुरू होतात. त्या हाताने डिलीट करायच्या नाहीत. त्यातला मजकूर अजून ईडीबीत उतरला नसेल तर पुढच्या वेळी डेटाबेस 'डर्टी शटडाउन' दाखवतो आणि माउंट व्हायला नकार देतो. त्या फाइली कमी करण्याचा सरळ मार्ग म्हणजे बॅकअप. तो टप्पा ३ मध्ये येतोच.

बाहेरून येणाऱ्या मेलना '४५२ ४.३.१' अशी त्रुटी जात असेल तर घाबरू नका. जागा कमी पडली की सर्व्हर मेल घेणं थांबवतो, त्याची ही खूण आहे. तो मेल लगेच परत जात नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर काही काळ पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. जागा झाली की मेल येऊ लागतील.

## टप्पा २: मोजमाप

मोजल्याशिवाय पुढे गेलेला माणूस हमखास चुकीच्या जागी कष्ट करतो. चार आकडे कागदावर लिहा.

१. ईडीबी फाइलचा आकार आणि आतली व्हाइट स्पेस. 'गेट-मेलबॉक्सडेटाबेस' ही आज्ञा '-स्टेटस' लावून चालवली की 'डेटाबेससाइझ' आणि 'अव्हेलेबलन्यूमेलबॉक्सस्पेस' हे दोन्ही आकडे मिळतात. '-स्टेटस' विसरलात तर रकाने रिकामे येतात आणि आज्ञाच बिघडली असं वाटतं.

२. शेवटचा पूर्ण बॅकअप कधी झाला. त्याच आज्ञेत 'लास्टफुलबॅकअप' पाहा. हा रकाना रिकामा असेल तर डिस्क कशाने भरली ते तिथेच कळलं.

३. लॉग फाइलींचा फोल्डर किती मोठा आहे.

४. मोठे मेलबॉक्स कोणाचे. 'गेट-मेलबॉक्सस्टॅटिस्टिक्स' चालवून 'टोटलआयटमसाइझ' प्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. शेजारी 'टोटलडिलीटेडआयटमसाइझ' हा रकानाही घ्या.

चौथ्या यादीत बहुधा मालकांचा मेलबॉक्स पहिला असतो. त्याखाली हिशेब विभागाचा, आणि स्कॅन मशीनचे मेल ज्या सामायिक मेलबॉक्सवर येतात तो. सोडून गेलेल्या माणसांचे मेलबॉक्सही याच यादीत सापडतात.

तपासणी: लॉगचा फोल्डर डेटाबेसच्या निम्म्याएवढा किंवा त्याहून मोठा असेल तर तुमचा खरा प्रश्न बॅकअपचा आहे. टप्पा ३ नीट केलात तर कदाचित पुढचं काहीच करावं लागणार नाही.

बॅकअपनंतरही ईडीबी फाइल दोनशे जीबीच्या वर असेल तर पुढचे सगळे टप्पे करा. डेटाबेसची दुसरी प्रत न ठेवणाऱ्या एकट्या सर्व्हरसाठी मायक्रोसॉफ्टचा सल्ला दोनशे जीबीपर्यंतचाच आहे. सर्व्हर त्याहून मोठी फाइल चालवू शकत नाही असं नाही. अडचण येते ती परत उभं राहताना. पाचशे जीबीचा डेटाबेस बॅकअपमधून आणायला किती तास लागतील, याचा हिशेब एकदा आपल्या डिस्कच्या वेगाने मांडून पाहा.

## टप्पा ३: पूर्ण बॅकअप, आणि तो खरोखर पूर्ण आहे याची खात्री

ईडीबी फाइल कॉपी करून पेन ड्राइव्हवर ठेवणं म्हणजे बॅकअप नाही. बॅकअप सॉफ्टवेअरला एक्स्चेंज कळायला हवं. सर्व्हरचा बॅकअप झाला हे एक्स्चेंजला समजलं तरच ते जुने लॉग स्वतः काढून टाकतं.

विंडोज सर्व्हर बॅकअप वापरत असाल तर सेटिंगमध्ये 'व्हीएसएस फुल बॅकअप' निवडा. तिथला दुसरा पर्याय, 'कॉपी बॅकअप', निवडलेला असला तर बॅकअप होतो, हिरवी खूणही दिसते, पण लॉग तसेच राहतात. डिस्क भरलेल्या निम्म्या ऑफिसांत मला हीच एक चूक सापडली आहे. डेटाबेस आणि लॉग वेगवेगळ्या ड्राइव्हवर असतील तर बॅकअपमध्ये दोन्ही ड्राइव्ह पूर्ण घ्यायला हवेत.

तपासणी: बॅकअपनंतर तीन गोष्टी बघा. 'लास्टफुलबॅकअप' मध्ये आजची तारीख आली का? लॉगचा फोल्डर लहान झाला का? आणि त्या बॅकअपमधून निदान एक फोल्डर दुसऱ्या डिस्कवर परत काढून पाहिला का? तिसरी गोष्ट कोणी करत नाही. तुम्ही करा.

बॅकअपसाठीही जागा उरली नसेल तर 'सर्क्युलर लॉगिंग' (बॅकअपची वाट न पाहता जुने लॉग काढणारी सेटिंग) चालू करून लॉग आटोक्यात आणता येतात. त्यासाठी डेटाबेस एकदा डिसमाउंट, म्हणजे बंद, करून पुन्हा माउंट करावा लागतो. हे चालू असेपर्यंत काही बिघडलं तर शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतरचे मेल परत मिळणार नाहीत. अडचण सरली की ते बंद करा आणि त्याच दिवशी पूर्ण बॅकअप घ्या.

## टप्पा ४: साफसफाई, आणि मग चौदा दिवस थांबणं

काय काढायचं हे सर्व्हरवाल्याने एकट्याने ठरवू नये. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. कंपनी असेल तर कंपनी कायद्याखाली हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची पावती-व्हाउचरं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. अनेक छोट्या ऑफिसांत यातली कित्येक बिलं फक्त मेलमध्येच असतात. म्हणून आधी सीएंशी बोला, आणि काय काढायचं ते मालकांकडून लेखी घ्या.

मग हा क्रम:

१. सोडून गेलेल्या माणसांचे मेलबॉक्स पीएसटी फाइलीत (सर्व्हरबाहेर ठेवता येणारी आउटलुकची मेल फाइल) काढा आणि मगच बंद करा. त्यासाठी 'न्यू-मेलबॉक्सएक्स्पोर्टरिक्वेस्ट' वापरतात. ही आज्ञा सापडतच नाही अशी तक्रार नेहमी येते. कारण तिची 'मेलबॉक्स इंपोर्ट एक्स्पोर्ट' ही परवानगी अ‍ॅडमिनलाही आपोआप मिळत नाही, ती वेगळी द्यावी लागते. फाइल ठेवण्याचा फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेला हवा आणि त्यावर 'एक्स्चेंज ट्रस्टेड सबसिस्टिम' या गटाला लिहिण्याची परवानगी हवी.

२. स्कॅन मशीनच्या मेलबॉक्समधल्या फाइली सर्व्हरच्या साध्या फोल्डरमध्ये हलवा. त्या मेलमध्ये असण्याचं काही कारणच नाही.

३. त्यानंतर पहिल्या दहा मोठ्या मेलबॉक्सवाल्यांजवळ बसा. हो, शेजारी खुर्ची घेऊन बसा. 'जुने मेल काढा' असा मेल सगळ्यांना पाठवून काम होत नाही. आउटलुकमध्ये आकाराप्रमाणे लावून दिलं तर माणूस अर्ध्या तासात जेवढी जागा सोडतो तेवढी सूचनापत्रकाने महिन्यात सुटत नाही.

सावधान: लोकांच्या पीएसटी फाइली नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून आउटलुकमधून उघडू देऊ नका. त्या बिघडतात. आउटलुकमध्ये पीएसटीची मूळ मर्यादा ५० जीबी असते, पण तिच्या खूप आधीच वेगळी फाइल करणं शहाणपणाचं.

आता ज्या ठिकाणी जवळजवळ सगळे चुकतात तिथे आलो. डिलीट केलेला मेल 'डिलीटेड आयटम्स' मधूनही काढला तरी तो गेलेला नसतो. एक्स्चेंज तो परत मिळवता येण्यासाठी मूळ सेटिंगप्रमाणे १४ दिवस मेलबॉक्सच्या आतच राखून ठेवतं. आजच साफ करून आजच मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवलात तर तो कचराही सोबत हलतो, आणि सगळे कष्ट करून नवा डेटाबेस जुन्याएवढाच होतो. थांबा. चौदा दिवसांनी 'टोटलडिलीटेडआयटमसाइझ' पुन्हा पाहा. आकडा खाली आलेला दिसेल.

आला नाही तर दोन कारणं तपासा. एक, त्या मेलबॉक्सवर 'लिटिगेशन होल्ड', म्हणजे कोर्टकामासाठी मेल राखून ठेवणारी सेटिंग, आहे का. दोन, डेटाबेसच्या सेटिंगमध्ये 'बॅकअप होईपर्यंत डिलीट केलेले मेल ठेवा' हा पर्याय चालू आहे आणि बॅकअप झालेलाच नाही, असं तर नाही ना.

ही मुदत एक-दोन दिवसांवर आणण्याचा मोह होतो. साफसफाईच्या पंधरवड्यातच माणसं चुकून भलतं डिलीट करतात, म्हणून मी ती कधीच कमी करत नाही.

## टप्पा ५: नवा डेटाबेस

फुगलेली फाइल लहान करण्याचा योग्य मार्ग म्हणजे नवी फाइल करून माणसं तिकडे नेणं. नव्या डेटाबेसमध्ये व्हाइट स्पेस येत नाही, काम चालू असताना हलवता येतं आणि अडलं तर जुनी प्रत जागेवर असते.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २०१६ वरून पुढच्या 'सबस्क्रिप्शन एडिशन' वर जाताना नवा सर्व्हर उभा करून मेलबॉक्स तिकडे हलवावेच लागतात. येत्या काही महिन्यांत ते करणार असाल तर आत्ता त्याच सर्व्हरवर नवा डेटाबेस करू नका, थेट तिकडे हलवा. एकच काम दोनदा करायला रविवार पुरत नाहीत. २०१९ वाल्यांना सध्याच्या सर्व्हरवरच पुढची आवृत्ती चढवता येते, त्यांनी इथून पुढे चालू ठेवावं.

जागेचा हिशेब असा करा. समजा ईडीबी फाइल ३१० जीबी आहे आणि साफसफाईनंतर सगळ्या मेलबॉक्सची बेरीज, राखून ठेवलेले मेल धरून, २१० जीबी आहे. नव्या डेटाबेसला साधारण २१० जीबी लागणार. हलवताना प्रत्येक मेल लॉगमध्येही लिहिला जातो, म्हणजे मध्ये बॅकअप घेतला नाही तर लॉगनाही जवळपास तेवढीच जागा लागते. एकूण सव्वाचारशे जीबी, वर थोडी सोडलेली. बहुतेकांच्या हिशेबात लॉग नसतात आणि काम अर्ध्यावर अडतं.

१. एक्स्चेंजच्या स्टँडर्ड एडिशनमध्ये एका सर्व्हरवर पाचच डेटाबेस माउंट होतात. आधी किती आहेत ते मोजा.

२. एकाऐवजी दोन डेटाबेस करा. शंभर-शंभर जीबीचे दोन सांभाळायला सोपे जातात आणि एक बिघडला तर निम्मं ऑफिस चालू राहतं. वाटणी विभागाप्रमाणे करा. आडनावाच्या अक्षराप्रमाणे केली तर सहा महिन्यांनी कोण कुठे आहे ते तुम्हालाच आठवणार नाही.

३. डिस्क सी ड्राइव्हपेक्षा वेगळी घ्या. एनटीएफएस असेल तर ६४ केबीच्या अ‍ॅलोकेशन युनिटने फॉरमॅट करा. फोल्डरवर विंडोजचं कॉम्प्रेशन लावू नका.

४. अँटिव्हायरसमध्ये नव्या फोल्डरला सूट द्या. जुन्या फोल्डरला दिलेली सूट इकडे आपोआप लागू होत नाही.

५. डेटाबेस तयार झाला की 'इन्फर्मेशन स्टोअर' सेवा पुन्हा सुरू करायची सूचना येते. ती करा, पण ऑफिस सुटल्यावर. तेवढा वेळ सगळ्यांचा मेल बंद पडतो.

६. जुन्या डेटाबेसवर 'इजएक्स्क्लूडेडफ्रॉमप्रोव्हिजनिंग' चालू करा, म्हणजे नव्या माणसाचा मेलबॉक्स चुकून तिथे जाणार नाही.

तपासणी: बॅकअपच्या कामात नवा ड्राइव्ह जोडला का? माझ्या हातून ही चूक एकदा झाली आहे. मेलबॉक्स सगळे हलले, बॅकअप रोज रात्री हिरवा दिसत होता, आणि तीन आठवडे तो रिकाम्या होत चाललेल्या जुन्या ड्राइव्हचाच होत होता. नशिबाने त्या तीन आठवड्यांत डिस्क गेली नाही. तेव्हापासून मेलबॉक्स हलवण्याच्या आधी मी बॅकअपची सेटिंग उघडून पाहतो.

## टप्पा ६: मेलबॉक्स हलवणं

वार नीट निवडा. भोसरी-चाकण पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते म्हणून बुधवारी रात्री काम लावण्याची पद्धत आहे. पण वीज कंपनीची दुरुस्तीची कामंही तिकडे गुरुवारीच निघतात. यूपीएस सर्व्हर किती वेळ धरतो ते आधी पाहा, नाहीतर शनिवारची रात्र घ्या. आणि जीएसटीच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास हिशेब विभागाच्या मेलबॉक्सला हातही लावू नका.

१. सुरुवात स्वतःच्या मेलबॉक्सपासून. 'न्यू-मूव्हरिक्वेस्ट' देऊन तो हलवा, मेल पाठवून-घेऊन पाहा, मोबाइलवरही पाहा. लागलेल्या वेळेवरून बाकीच्यांचा अंदाज बांधा.

२. मग चार-पाच लहान मेलबॉक्स. मग मोठे, एका रात्री दोन किंवा तीन. मालकांचा सगळ्यात शेवटी.

३. प्रत्येक रात्रीच्या कामानंतर पूर्ण बॅकअप. लॉग तेव्हाच उतरतात.

४. प्रगती 'गेट-मूव्हरिक्वेस्टस्टॅटिस्टिक्स' मध्ये दिसते. ९५ टक्क्यांवर आकडा बराच वेळ थांबतो. तिथे शेवटची जुळवणी चालते, काम अडकलेलं नसतं. मध्येच रद्द करू नका.

माणूस काम करत असतानाही मेलबॉक्स हलतो. शेवटच्या क्षणी आउटलुक बंद करून उघडायला सांगणारा संदेश येतो. याची कल्पना आदल्या दिवशी द्या, नाहीतर सकाळी दहा फोन येतील.

सावधान: काही मेल खराब निघाले तर हलवणं फसतं. तेव्हा 'बॅडआयटमलिमिट', म्हणजे किती खराब मेल वगळले तरी चालेल तो आकडा, थोडा वाढवतात, पण एकदम हजार देऊ नका. जे मेल वगळले जातात ते नव्या मेलबॉक्समध्ये कधीच येत नाहीत. आधी अहवाल उघडा, कोणते मेल आहेत ते बघा आणि त्या माणसाला सांगा. ५० च्या वरचा आकडा दिला की एक्स्चेंज स्वतःच 'मोठं नुकसान मान्य आहे' अशी वेगळी कबुली मागतं, ती उगाच मागत नाही.

## टप्पा ७: जुना डेटाबेस काढणं

इथे घाई नको. मेलबॉक्स हलला तरी जुन्या डेटाबेसमध्ये त्याची प्रत मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस राहते.

१. कोण राहिलं ते शोधा. साध्या मेलबॉक्सची यादी रिकामी दिसली म्हणून थांबू नका. 'गेट-मेलबॉक्स' ही आज्ञा '-आर्काइव्ह', '-आर्बिट्रेशन', '-ऑडिटलॉग' आणि '-पब्लिकफोल्डर' लावून एकेकदा चालवा. यात माणसांचे आर्काइव्ह, सार्वजनिक फोल्डर आणि सर्व्हरचे स्वतःचे मेलबॉक्स येतात आणि ते साध्या यादीत दिसत नाहीत. त्यांनाही हलवा. सर्व्हरचे स्वतःचे मेलबॉक्स बहुधा पहिल्याच डेटाबेसमध्ये असतात, आणि फुगलेला डेटाबेस बहुधा पहिलाच असतो.

२. पूर्ण झालेल्या मूव्ह रिक्वेस्ट काढून टाका.

३. जुना डेटाबेस डिसमाउंट करा आणि 'माउंटअ‍ॅटस्टार्टअप' बंद ठेवा, म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट झाला तरी तो उठणार नाही. एक आठवडा असाच ठेवा. कुणाचं काही राहिलं असेल तर या आठवड्यात कळेल.

४. मग 'रिमूव्ह-मेलबॉक्सडेटाबेस'. ही आज्ञा फक्त नोंद काढते. ईडीबी फाइल डिस्कवर तशीच असते. पूर्ण बॅकअप हातात आहे याची खात्री करून ती फाइल आणि तिचे लॉग हाताने काढा. लॉग हाताने काढण्याची परवानगी या संपूर्ण कामात एवढ्या एकाच ठिकाणी आहे.

## 'ईएसईयुटिल' बद्दल

'ईएसईयुटिल' हे डेटाबेस फाइल हाताळण्याचं एक्स्चेंजचं साधन. 'ईएसईयुटिल /डी' ने फाइल लगेच लहान होते असं कुणीतरी सांगतंच. होते. पण तेवढा वेळ डेटाबेस डिसमाउंट लागतो, म्हणजे मोठ्या फाइलीसाठी कित्येक तास मेल बंद. नव्या फाइलीच्या आकाराच्या ११० टक्के जागाही लागते. झाल्यावर डेटाबेसची ओळख बदलते, त्यामुळे आधीचे लॉग त्याला चालत नाहीत आणि लगेच पूर्ण बॅकअप घ्यावा लागतो. एवढी जागा आणि एवढा वेळ असेल तर नवा डेटाबेसच करा.

'ईएसईयुटिल /पी' ला तर या कामात स्थानच नाही. ती दुरुस्तीची आज्ञा आहे आणि जे तिला वाचता येत नाही ते ती फेकून देते.

## पुन्हा फुगू नये म्हणून

डेटाबेसवरच्या मूळ मर्यादा १.९ जीबीला इशारा, २ जीबीला पाठवणं बंद आणि २.३ जीबीला येणंही बंद अशा असतात. या लहान वाटतात म्हणून कुणीतरी 'अमर्याद' करून ठेवतं, आणि तिथूनच सगळं सुरू होतं. मी इशारा आणि पाठवणं या दोन मर्यादा ऑफिसच्या गरजेप्रमाणे वाढवून ठेवतो, येणारे मेल मात्र कधीच अडवत नाही. ग्राहकाची ऑर्डर परत गेली तर दोष माणसाच्या पसाऱ्याचा असला तरी नुकसान धंद्याचं होतं.

स्कॅन मशीनवर रंगीत ६०० डीपीआय ठेवलेलं असेल तर कागदपत्रांसाठी काळं-पांढरं २०० डीपीआय करा आणि मशीनचा पत्ता मेलऐवजी शेअर फोल्डरचा द्या. सगळ्यांना पाठवायच्या मोठ्या फाइली फोल्डरमध्ये ठेवून मेलमध्ये फक्त लिंक द्यायची सवय लावा. व्यवस्थापकांनी ती आधी लावून घेतली तरच बाकीचे ऐकतात.

टप्पा २ मधले चार आकडे दर सोमवारी एका वहीत लिहा. चार मिनिटांचं काम आहे. लॉगचा आकडा सलग दोन सोमवार वाढलेला दिसला तर तिसऱ्याची वाट न पाहता बॅकअपची सेटिंग उघडा.